त्वचेची नोंदवही मोबाइलमध्ये

आरसा फक्त आजचा चेहरा दाखवतो. त्वचेचं काम मात्र आठवड्यांच्या हिशेबाने चालतं. तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत, सुकत, शेवटी गळून पडेपर्यंत तरुण वयात साधारण महिना जातो. वय वाढेल तसा हा काळ लांबतो. मुरूम तर वर दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीच छिद्रात आत तयार व्हायला लागलेला असतो. आज कपाळावर मुरूम उठला की आपण कालच्या वडापाववर किंवा परवा आणलेल्या फेसवॉशवर ठपका ठेवतो, आणि खरं कारण महिनाभर मागे राहून गेलेलं असतं. एवढं मागचं कुणाच्या लक्षात राहणार? मोबाइलवरचं ॲप कामाला येतं ते इथे. चेहरा उजळवणं त्याच्या हातात नाही. काय, कधी सुरू झालं आणि त्यानंतर काय झालं, एवढं ते नीट धरून ठेवतं, आणि ही गोष्ट छोटी नाही.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावायला ॲडापलीन दिलं आहे. हे रेटिनॉइड गटातलं औषध. पहिले दोन ते चार आठवडे त्वचा कोरडी पडते, लालसर होते, नाकाच्या कडेला सालपटं निघतात. ठळक फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. याच मधल्या काळात अनेकजण ट्यूब कपाटात टाकून देतात आणि ‘मला ते सूट झालं नाही’ म्हणतात. ट्यूब नेमक्या किती रात्री लावली होती, हे विचारलं तर सांगता येत नाही.

आता ॲप कुठलं घ्यायचं? बाजारात तीन तऱ्हा दिसतात. पहिली, बाटलीवरचा बारकोड किंवा घटकांची यादी वाचून गुण देणारी. फ्रान्समध्ये २०१७ साली आलेलं ‘युका’ किंवा कोरियातलं ‘ह्वाहे’ ही त्यातली नावाजलेली. घटक समजून घ्यायला ती बरी, पण वेष्टनावर घटकांचा क्रम असतो, प्रमाण क्वचितच असतं. एखादं द्रव्य किती टक्के आहे हे माहीत नसताना त्यावरून दिलेल्या गुणांवर फार विसंबू नये. दुसरी तऱ्हा सेल्फी पाहून ‘तुमच्या त्वचेला १०० पैकी ७२’ असं सांगणारी. खिडकीपासून दोन पावलं मागे सरकून पुन्हा फोटो काढा, आकडा बदललेला दिसेल. मला या दोन्हींपेक्षा तिसरी तऱ्हा जास्त उपयोगाची वाटते: सवयींची साधी नोंद ठेवणारी ॲप. अँड्रॉइडवरचं ‘लूप हॅबिट ट्रॅकर’ हे त्यातलं एक. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही आणि नोंदी आपल्या फोनमध्येच राहतात. आयफोनवर याच धर्तीची दुसरी मिळतात. नाहीतर कॅलेंडर आणि रिमाइंडर यांवरही काम भागतं.

ॲप उघडून ‘नवी सवय’ निवडा. नावात औषध आणि वेळ दोन्ही लिहा: ‘ॲडापलीन, रात्री’. नुसतं ‘स्किनकेअर’ लिहिलंत तर पुढे त्यातून काहीच कळणार नाही. मग किती वेळा, ते विचारलं जाईल. डॉक्टरांनी सुरुवातीला एक रात्र सोडून लावायला सांगितलं असेल तर तसंच भरा. हे महत्त्वाचं आहे, कारण ‘रोज’ ठेवलंत तर मोकळ्या रात्री चुकल्यासारख्या दिसतात आणि माणूस घाईने जास्त लावायला लागतो. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांच्या वेगळ्या ओळी करा. तीन ओळी पुरे. दहा ओळींचं रूटीन आखणाऱ्यांचं पहिल्याच आठवड्यानंतर पान कोरं राहतं.

रिमाइंडरची वेळ झोपायची ठेवू नका. अंथरुणावर पडल्यावर वाजलेली सूचना बोटाने बाजूला सारली जाते. जेवणानंतरची झाकपाक आटोपून आपण तोंड धुतो, ती वेळ धरा. ॲडापलीन कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं घेऊन, पातळ पसरायचं असतं. तोंड पुसून थोडं थांबायला तेव्हा सवड असते.

कधीतरी खाडा होणारच. लूपची मोजणी मला याचसाठी आवडते. काही ॲप सलग दिवस मोजतात आणि एक दिवस चुकला की शून्यावर आणून ठेवतात; इथे आकडा थोडा घसरतो, आधीचं वाया जात नाही. याला अभ्यासाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवला होता. तो अभ्यास २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा चुकलेल्या रात्रीची भरपाई म्हणून दुसऱ्या रात्री दुप्पट लावायची गरज नाही. त्याने फक्त जळजळ वाढते.

टिक करणं सोपं आहे, फोटो अवघड. आजकालचे फोन न विचारता चेहरा गुळगुळीत करतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ब्युटी’ बंद करा. फिल्टर नको, फ्लॅश नको. घरातली एकच खिडकी ठरवा, जिथून थेट ऊन येत नाही पण उजेड भरपूर असतो, आणि दर रविवारी सकाळी त्याच वेळी, तोंड धुतल्यानंतर, काही लावण्याआधी तीन फोटो काढा: समोरून, डावा गाल, उजवा गाल. डोळ्यांची पातळी आणि अंतर तेच. मागच्या कॅमेऱ्याने कुणी काढून दिला तर उत्तम. सेल्फीच घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: काही फोन आरशासारखी उलटी प्रतिमा जतन करतात, काही सुलटी. डाव्या गालाचा मुरूम उजवीकडे गेल्यासारखा वाटायला नको.

आठवड्यातून एकदाच, असं मुद्दाम म्हणतो आहे. रोजचे फोटो पाहून फरक तर दिसत नाहीच, उलट प्रत्येक ठिपक्याची धास्ती बसते. चौथ्या आठवड्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवून बघा, मग बोला.

फोटोसोबत एक आकडा भरा: या आठवड्यात नवे मुरूम किती. लूपमध्ये टिकऐवजी संख्या भरायची सोय आहे. जुने डाग यात मोजू नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम बसल्यानंतरही काळपट डाग कित्येक महिने रेंगाळतात. औषध नीट काम करत असतं, नवे मुरूम थांबलेले असतात, पण डागांमुळे चेहरा तसाच दिसतो आणि माणूस नाउमेद होतो. नव्यांचा आकडा आठावरून तीनवर आलेला डोळ्यांनी पाहिला की पुढचे दोन महिने काढायला बळ येतं.

याच डागांसाठी सनस्क्रीनची ओळ हवी, कारण उन्हाने ते आणखी गडद होतात. फोनच्या हवामान ॲपमध्ये ‘यूव्ही इंडेक्स’ म्हणून आकडा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो ३ किंवा त्याहून वर असेल तर उन्हापासून जपायला हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे भर दुपारी तो ११ च्या आसपास जातो. ढग आहेत म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पातळ ढगांतून हे किरण बऱ्यापैकी येतात. सनस्क्रीनचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, आपण सहसा त्याहून बरंच कमी लावतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेषा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांनी निदान घरी निघण्याआधीचं एक रिमाइंडर लावावं.

आता शेऱ्यांची जागा. इथे निबंध नको, दोन-चार शब्द पुरतात. पाळीची तारीख, कारण अनेकींना त्याआधीच्या आठवड्यात मुरूम उठतात. केसांना भरपूर तेल लावून रात्रभर ठेवलं का, कारण ते कपाळावर ओघळतं. दुपारच्या उन्हात स्कार्फ आणि हेल्मेट घालून गाडीवर किती वेळ गेला. हनुवटीवर घाम आणि घर्षण साचतं. पार्लरमध्ये ब्लीच किंवा वॅक्स केलं का. रेटिनॉइड चालू असताना वॅक्सने चेहऱ्याची साल निघू शकते, म्हणून आधी काही दिवस ते बंद ठेवावं लागतं. बेसन, हळद, लिंबू हे घरगुती लेपही लिहा. लिंबाने आधीच नाजूक झालेली त्वचा चांगलीच चरचरते.

नवी वस्तू आणली तर एका वेळी एकच. फेसवॉश आणि सीरम एकाच दिवशी बदलले तर नंतर पुरळ कशाने आलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडा-दहा दिवस लावून पाहा आणि ती तारीखही नोंदवा. बाटली उघडल्याचा दिवसही लिहा. अनेक वेष्टनांवर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिनेच ती वापरायची.

शेऱ्यात एक गोष्ट लपवू नका: मैत्रिणीने किंवा दुकानदाराने सुचवलेली गोरेपणाची ट्यूब. तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात चेहरा छान दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, लाली, लव आणि मुरूम वाढतात, आणि सोडायला गेलं की सगळं उसळून येतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या शेड्यूल एचमध्ये टाकली, तरी ती हातोहात फिरतात. स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद न करता ट्यूबचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

काही वेळा टिक करण्याची वाटच पाहू नये. सूज, पाणी सुटणं, डोळ्यांभोवती आग, किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर रेटिनॉइड थांबवून त्याच दिवशी फोन करायचा. एरवी तीन महिन्यांनी तपासणीला जाताना महिन्याच्या टिकांचे स्क्रीनशॉट, नव्या मुरुमांचा आलेख आणि पहिला, मधला, शेवटचा असे फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारकावे पुसट होतात आणि तारखेची माहितीही निघून जाते.