ग्रीन्सबरोची ती शर्यत

मार्च २०१५. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत अमेरिकी विद्यापीठांची महिलांची राष्ट्रीय जलतरण स्पर्धा सुरू होती. याच शहरात १९६० साली चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरवर ठाण मांडून बसले होते. शंभर यार्ड फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत स्टॅनफर्डच्या सिमोन मॅन्युएलने ४६.०९ सेकंदांत जिंकली. तिचीच सहकारी लिया नील दुसरी आली, फ्लोरिडाची नॅटली हाइंड्स तिसरी. तिघीही कृष्णवर्णीय. या स्पर्धेत असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

 तलाव पंचवीस यार्डांचा, म्हणजे शंभर यार्डांत तीनदा भिंत येते. दर वेळी कोलांटी घ्यायची, तळपायांनी भिंतीला रेटा द्यायचा आणि पाण्याखालून डॉल्फिन किक मारत वर यायचं. ही कोलांटी अंगात मुरते ती लहानपणी, क्लबच्या तलावात. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर डोळा ठेवून मुलं एकापाठोपाठ एक सुटतात, असं वर्षानुवर्षं. सिमोन टेक्सासमधल्या शुगर लँडच्या फर्स्ट कॉलनी क्लबची. ब्रुकलिनची लिया मॅनहॅटनच्या अ‍ॅस्फाल्ट ग्रीनमध्ये तयार झाली. ती संस्था महापालिकेच्या जुन्या डांबर कारखान्याच्या जागेवर उभी आहे.

मग अशा मुली आधी का दिसल्या नाहीत? मला याचं उत्तर तलावांच्या इतिहासात दिसतं. १९४९ साली सेंट लुइसचा फेअरग्राउंड पार्कचा तलाव सर्वांना खुला झाला, तर पहिल्याच दिवशी गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय मुलांना मारहाण केली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर सर्वांना एकत्र पोहू देण्यापेक्षा सार्वजनिक तलावच बंद केले, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य केलं! गोरी कुटुंबं उपनगरांतल्या खासगी क्लबांकडे वळली. स्पर्धेचं पोहणं त्या क्लबांच्या कुंपणाआड वाढलं. ज्या आईवडिलांना कधी पाण्यात उतरू दिलं नाही, त्यांनी मुलांना पाण्यापासून लांब ठेवलं, यात त्यांचा काय दोष?

अकरा वर्षांच्या सिमोनने आईला विचारलं होतं, आपल्यासारखे दिसणारे पोहणारे इतके कमी का? मायलेकींनी मिळून त्याची माहिती शोधली. २०१६ मध्ये रिओत तिने शंभर मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण कॅनडाच्या पेनी ओलेक्सियाकबरोबर विभागून मिळवलं. दोघींची वेळ एकच होती, ५२.७० सेकंद. जलतरणात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला.

पण पुढच्याच वर्षी एका राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की ६४ टक्के आफ्रिकन-अमेरिकन मुलांना पोहणं जवळजवळ येतच नाही. म्हणून अ‍ॅस्फाल्ट ग्रीनचं दुसरं काम मला लियाच्या पदकांइतकंच मोलाचं वाटतं: न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतल्या मुलांना तिथे पोहणं विनामूल्य शिकवतात.