साथीच्या इस्पितळाची भीती

घरात कुणाला गोवर आला की आपण त्याला वेगळे निजवतो. पण मैत्रिणींनो, आजाऱ्याला वेगळे ठेवणे निराळे आणि एकटे टाकणे निराळे! हा धडा मुंबईने फार महागात घेतला.

ठाण्याहून लोकलने चिंचपोकळीला उतरून सातरस्त्याकडे गेलात की कस्तुरबा रुग्णालय लागते. जुन्या माणसांचे हे आर्थर रोडचे इस्पितळ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि रोग्यांना सक्तीने इथे हलवणे सुरू झाले. घरच्या बायकांना परक्या माणसांनी उचलून न्यावे, हे कुणाला सहन होणार? लोक रोगी लपवू लागले. अगदी शेवटच्या घटकेला आणलेला रोगी वाचत नसे. मग ‘तिथे गेलेला परत येत नाही’ ही वदंता पसरे आणि लोक आणखी लपवत. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या सुमारे हजारभर जमावाने इस्पितळावरच हल्ला केला!

त्यानंतर सक्ती थोडी सैल झाली. पुढे मराठा, पारशी अशी ज्ञातींची प्लेग इस्पितळे निघाली. तिथे उशाशी आपले माणूस असे, जेवण आपल्या रीतीचे मिळे. लोक हळूहळू येऊ लागले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर रोडचे इस्पितळ डॉ. नसरवानजी चोक्सी सांभाळत. रामबाण औषध तेव्हा नव्हतेच. रक्तद्रव टोचून पाहत, पण खरी भिस्त शुश्रूषेवर: मोकळी हवा, पातळ अन्न, अंग पुसून ताप उतरवणे, रात्रीची जाग. म्हणजे आपण बायका घरी करतो तेच की!

आणि गंमत पाहा. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनी पक्के झाले, की प्लेग पसरवते उंदराच्या अंगावरची पिसू. फुफ्फुसाच्या प्लेगची गोष्ट वेगळी. पण गाठीच्या प्लेगचा रोगी उशाशी बसणाऱ्याला सहसा रोग देत नाही.

मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रोगीही याच इस्पितळात ठेवले गेले. भीती तीच, लपवालपवीही तीच.

वागळे इस्टेटीत, किसननगरच्या एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर आजाऱ्याला वेगळे निजवायचे कुठे? अशा घराला इस्पितळ हाच आधार. तेव्हा ताप लपवू नका, वेळेवर न्या. मुलांच्या गोवराच्या, घटसर्पाच्या लसी चुकवू नका. भेट बंद असेल तर रोज फोन करा; घरचे काय चालेल ते डॉक्टरांना विचारून पाठवा. आणि शेजारीण इस्पितळात असेल, तर तिच्या मुलांना दोन वेळचे जेवण घाला. तिचा निम्मा ताप त्यानेच उतरेल.