कार्यकर्त्याचे पोट आणि चळवळीचे आयुष्य

गेल्या दोन वर्षांत मी नऊ शोकसभांना हजर राहिलो. वकिलाला मोजण्याची सवय असते म्हणून आकडा सांगतो. या नऊपैकी सहा कार्यकर्ते साठीच्या आत गेले. कुणी हार्ट अटॅकने गेले, कुणी शुगर वाढून किडन्या निकामी झाल्याने. प्रत्येक सभेत आपण तेच बोललो : चळवळीची कधीही भरून न निघणारी हानी झाली. दोन मिनिटे मौन पाळले, बाहेर येऊन टपरीवर गोड चहा घेतला, सोबत समोसा खाल्ला आणि घरी गेलो. ही हानी का झाली, असा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

तो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला नोव्हेंबर २०२३ मध्ये. अॅट्रॉसिटीच्या एका प्रकरणात पीडित कुटुंबाला भेटायला आम्ही खेड्यात गेलो होतो. गाडी गावाबाहेर थांबली. पुढे वस्तीपर्यंत दीड किलोमीटर पायवाट. तेवढ्या वाटेत मी तीनदा थांबलो. पोहोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. ज्या म्हातारीच्या मुलाला मारहाण झाली होती, तीच पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "बसा जी वकीलसाहेब. आधी पानी प्या, मंग बोला." आधार द्यायला मी गेलो होतो आणि आधार तिने मला दिला. त्या दिवशी मला माझ्या पोटाची लाज वाटली.

तेव्हा माझे वय ४४, उंची साडेपाच फूट आणि वजन ९४ किलो. रक्तदाब १५०/९६. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी केली, ती ६.३ टक्के निघाली. ६.५ झाली की मधुमेह धरतात. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा, असे डॉक्टर सांगतात. माझा १०८ होता.

आपल्या समाजात पोट सुटणे हे सुबत्तेचे लक्षण मानले जाते. त्यामागे इतिहास आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने भूक पाहिली. शिळेपाके मागून खाणे हा गावगाड्याने त्यांच्यावर लादलेला धर्म होता. बाबासाहेबांमुळे आपण शिकलो, नोकरीला लागलो, ताट भरले. पण आरक्षणाने आपल्याला खुर्ची दिली आणि खुर्चीने पोट दिले. शेतमजूर, बांधकामावरची बाई, सफाई कामगार यांना मी धावण्याचा उपदेश करणार नाही. त्यांचे शरीर आधीच झिजते आहे. हा लेख शिक्षक, कारकून, बँकवाले, वकील आणि रात्री बारापर्यंत मिटिंगा घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

डॉक्टरांकडून ईसीजी काढून घेतला आणि डिसेंबर २०२३ पासून पहाटे बाहेर पडू लागलो. चाळिशी ओलांडलेल्या आणि शुगर-बीपीची औषधे घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी आधी करावी. सुरुवातीला एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे, असे वीस मिनिटे. धावताना सोबतच्याशी बोलता आले पाहिजे, एवढाच वेग. सलग दोन किलोमीटर धावायला मला दहा आठवडे लागले. गुडघे दुखले, तेव्हा अंतर कमी केले, पण बाहेर पडणे सोडले नाही. नागपूरच्या मे महिन्यात साडेसहाच्या आत घरी परतायचे, हा नियम पाळला.

तरी तीन महिन्यांत वजन घटले फक्त दोन किलो. कारण हिशेबात होते. एक किलोमीटर धावल्यावर माणूस साधारणतः आपल्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी खर्च करतो. म्हणजे तीन किलोमीटरला माझ्या २७५ च्या आसपास. घरी येताना मी दोन समोसे खात होतो, त्यात ती सगळी कमाई परत जात होती. शिवाय कोर्टात दिवसाला आठ चहा. दीड चमचा साखर धरली तरी बारा चमचे, म्हणजे सुमारे साठ ग्रॅम साखर!

इथे मला तथागतांची एक कथा उपयोगी पडली. संयुत्त निकायात ती आहे. कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून, धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही की नवस सांगितला नाही. जेवणाचे प्रमाण ओळखणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि आयुष्य टिकते, एवढा बोध केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो बोध रोज जेवणाच्या वेळी ऐकवायला सांगितला. हळूहळू राजाचा आहार मापात आला आणि तो सडपातळ झाला. अंगुत्तर निकायात तर चंक्रमणाचे म्हणजे चालण्याचे पाच फायदे दिले आहेत. प्रवासाची ताकद येते, उद्योगाची ताकद येते, रोग कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. स्वतः तथागत पंचेचाळीस वर्षे पायी चारिका करीत राहिले. धम्म विहारात जेवढा आहे तेवढाच तो पायांतही आहे.

माझा सुदस्सन झाली माझी पत्नी. बिनसाखरेचा चहा, रात्रीचे जेवण आठच्या आत, ताटात भात निम्मा आणि डाळ-भाजी दुप्पट. दीड वर्षात वजन ७७ किलोवर आले, साखर ५.६ वर. अजूनही मी सडपातळ नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे इंदोरा चौकातून निघून संविधान चौकातून थेट दीक्षाभूमीपर्यंत न थांबता धावत गेलो. साधारण सात किलोमीटर. स्तूपासमोर उभा राहिलो तेव्हा डोळ्यांत पाणी होते.

कारण एक आकडा मनात होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच भूमीवर दीक्षा दिली आणि अवघ्या ५३ दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय ६५. मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या असह्य वेदना सोसत त्या महामानवाने देशाचे संविधान उभे केले. आजच्यासारखी औषधे तेव्हा नव्हती आणि त्यांना स्वतःसाठी वेळही नव्हता. त्यांना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर धम्मक्रांती कुठवर गेली असती? त्यांनी देह आपल्यासाठी झिजवला. आपण आपला देह कशासाठी झिजवतो आहोत? समोशांसाठी?

आता दुसरी बाजू. एका पहाटे मी शहरातल्या एका प्रतिष्ठित वसाहतीतून धावत होतो. फिरायला निघालेल्या एका गृहस्थाने हटकले, "कुठे राहता?" मी म्हणालो, उत्तर नागपुरात. "मग तिकडे मैदान नाही का?"

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरापासून जातीच्या कारणावरून कुणालाही रोखता येणार नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे रक्त सांडले, त्यामागचा हक्क या कलमात आला आहे. मी तो रस्ता आजही सोडलेला नाही.

पण दुसरे उत्तर कडू आहे. त्या गृहस्थाचा सूर हिणकस होता, तरी प्रश्न खरा होता. आमच्या गल्लीजवळचे मैदान अर्धे गाड्यांनी आणि अर्धे मलब्याने भरले आहे. पुरुष निदान रस्त्यावर धावतो. आमच्या मुलींनी आणि बायकांनी कुठे धावायचे? शहराच्या विकास योजनेत मैदानांसाठी जागा आरक्षित असतात. पण योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर मुदतीत पावले उचलली नाहीत की ते आरक्षण संपते. नोकरीतले आरक्षण जाताना आपण मोर्चा काढतो. मुलांच्या मैदानाचे आरक्षण जाते, तेव्हा आपल्याला पत्ताही नसतो! लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम ४७ ने राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. ते करून घेणे आपले काम आहे.

म्हणून प्रत्येक विहाराला दोन विनंत्या. एक, आपल्या प्रभागात मैदाने आणि बगीचे यांसाठी किती जागा आरक्षित आहेत, किती ताब्यात आल्या आणि किती सुटल्या, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली महापालिकेकडे मागा. दहा रुपयांचा अर्ज आहे. दोन, रविवारच्या वंदनेआधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून चाला. ज्यांना जमेल त्यांनी धावावे. वंदनेनंतरच्या अल्पोपहारात जिलेबीऐवजी उकडलेले चणे ठेवा.

त्या म्हातारीची केस अजून कोर्टात आहे. गेल्या महिन्यात पुन्हा त्या वस्तीत गेलो. दीड किलोमीटर न थांबता चाललो. तिने याही वेळी पाणी आणले, पण या वेळी पाणी नंतर, आधी आम्ही केसबद्दल बोललो. निकाल लागेपर्यंत तिच्यासोबत उभे राहायचे असेल, तर आधी मला उभे राहता आले पाहिजे.

जयभीम!