उरोजांमधली ऊब

सदतिसावा आठवडा पुरा होण्याआधी जन्मलेल्या बाळाला बाहेरचं जग फार अंगावर येतं. झगझगीत दिवा, यंत्राचा आवाज, टाचेला टोचलेली सुई. ताण वाढला की ठोके भरभर पडतात, रक्तातला प्राणवायू घटतो, कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. दूध पिऊन वाढायची ताकद अशी नुसती सोसण्यात जाते.

यावर आईची उघडी छाती हा उत्तम उपाय. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे, उरोजांमध्ये उभं धरायचं, मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळं; वरून सुती साडीने बांधायचं. आईच्या उबेने आणि श्वासाच्या लयीने ठोके स्थिरावतात. टाचेतून रक्त घेताना बाळ अशा स्थितीत असेल, तर ते कमी रडतं.

ही ‘कांगारू माता पद्धत’ 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना 2022पासून ती जन्मानंतर लगेच सुरू करायला सांगते, रोज किमान आठ तास.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-भीमाशंकरकडच्या घाटमाथ्यावर, पावसाळी गारठ्यात तिचं मोल फारच मोठं. घोडेगाव किंवा मंचरच्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेतही बाळ छातीशीच असावं. बाळंतीण थकली की वडिलांनी, आजीने घ्यावं. पुरुषांनी लाजू नये, असं मला मनापासून वाटतं. बाळ निळसर पडलं, श्वास अडखळला किंवा दूध सोडलं, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.