ब्रेक दाबला की पिकअपला दणका? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे वाचा



आपली पांढरी पिकअप जेटीवर सगळ्यांच्या ओळखीची आहे. मागे क्रेटांची थप्पी, वर निळी ताडपत्री आणि स्टेअरिंगवर आपले ड्रायव्हरमामा. मामांचा डावा गुडघा बरीच वर्षं दुखतो. पहाटे तीन वाजता जेटीच्या चढावर रांगेत उभं राहून क्लच दाबत बसणं त्यांना जमेना. म्हणून सोसायटीने सेकंडहँड ऑटोमॅटिक डिझेल पिकअप घेतली. क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही. मामा खूश, आम्हीही खूश.

मे महिन्यात मात्र गाडीने रंग दाखवला. १ जूनपासून मासेमारी बंदी, म्हणजे हाताशी जेमतेम तीन आठवडे. त्यात गाडी हळू करताना विचित्र वागू लागली. पर्वरीच्या सिग्नलला ब्रेक दाबला की वेग कमी होता होता एकदम हिसका बसायचा, जणू कुणी पहिल्या गिअरमध्ये ओढून टाकलं. कधी इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. आणि गाडी पूर्ण थांबली की क्षणभराने मागून कुणी धडक दिल्यासारखा 'धप्प' आवाज. मामा दोनदा खाली उतरून मागे बघून आले. मागे कुणीच नव्हतं.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ०७००. "हा गिअरबॉक्सचा कोड. गिअरबॉक्स उघडावा लागणार," असं सांगून हातात सहा आकडी अंदाजपत्रक दिलं. पावसाळ्यात जाळी आणि इंजिनं दुरुस्त करायला राखून ठेवलेली रक्कम त्यात अख्खी गेली असती. आणि आमच्यातल्याच काहींनी दुसरा निकाल लावला: मामांना ऑटोमॅटिक चालवता येत नाही, ते डाव्या पायाने ब्रेक दाबतात. दुखऱ्या गुडघ्यामुळे ज्यांच्यासाठी ही गाडी घेतली, त्यांच्यावरच हा आरोप! तरी आम्ही तो मान्य केला आणि मामांचा फेरीभत्ता थांबवला. त्याबद्दल शेवटी बोलू.

आधी वही, मग पाना

ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारे आपले जुने मेस्त्रीकाका आहेत. त्यांना पिकअप दाखवली तर त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. म्हणाले, "मामा, चार दिवस वहीत लिहा. कधी होतं, किती वेगाला होतं, गाडी भरलेली की रिकामी, थंड की गरम. मग मी बघतो."

मामांनी इमानदारीने लिहिलं. वहीतून चार गोष्टी निघाल्या.

एक, हिसका आणि धप्प हे दोन वेगळे प्रकार होते. हिसका साधारण २० किलोमीटरच्या खाली, गाडी चालू असताना. धप्प गाडी थांबल्यावर. आम्ही दोन्ही एकाच पिशवीत घातलं होतं.

दोन, हिसका मासळी भरलेली असताना जास्त. चोर्ला घाटातून बेळगावला जाताना डिचोली, साखळीच्या गर्दीत चार-पाच वेळा. परतताना रिकामे, वाळलेले क्रेट घेऊन येताना क्वचितच.

तीन, धप्प मात्र भरलेली असो वा रिकामी, रोजच.

चार, वेग घेताना गाडी एकदम गुळगुळीत. गिअर सरकत नव्हते, इंजिन उगाच ओरडत नव्हतं. काका म्हणाले, "आतले क्लच जळाले असते तर गाडी वेग घेतानाही रडली असती."

हळू होताना गिअरबॉक्स काय करतो?

मॅन्युअल गाडीत क्लच करतो ते काम ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर करतो. समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये तेल असं समजा. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो, त्या जोराने समोरचा फिरतो. गाडी थांबली तरी इंजिन चालू राहतं ते यामुळेच.

सरळ रस्त्यावर डिझेल वाया जाऊ नये म्हणून हे दोन पंखे आतल्या एका क्लचने जोडले जातात. त्याला लॉकअप म्हणतात. गाडी हळू होताना हा लॉकअप सुटला पाहिजे. नाही सुटला, तर मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवल्यावर जे होतं तेच होतं. गाडी थरथरते आणि इंजिन बंद पडतं.

त्याच वेळी गिअर एकेक करून खाली येत असतात. कधी उतरवायचा हे गिअरबॉक्सचा कंप्युटर ठरवतो. त्याला वेग किती, ब्रेक दाबला का, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ही माहिती सेन्सर देतात. सेन्सर खोटं बोलला, तर चांगला गिअरबॉक्सही वेड्यासारखा वागतो. गिअरबॉक्स उघडण्याआधी बाहेरचं सगळं तपासायचं ते यासाठीच.

तपासणीचा क्रम: स्वस्तापासून महागाकडे

१) ब्रेकचे दिवे. मागे एकाला उभं करा आणि पेडल हलकेच दाबा. दिवे लागत नसतील किंवा उशिरा लागत असतील, तर आधी बल्ब-फ्यूज आणि ब्रेक स्विच बघा. अनेक गाड्यांत याच स्विचवरून कंप्युटरला लॉकअप सोडायचा इशारा मिळतो.

२) ऑइल. पातळी, रंग आणि वास, तिन्ही बघा. ऑइल कमी असेल तर ब्रेक दाबल्यावर ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये गेल्यासारखी वाटते. काळं आणि करपट वासाचं असेल तर क्लच जळतायत. दुधाळ गुलाबी दिसलं तर आत पाणी शिरलंय. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नका. आजकालच्या बऱ्याच गाड्यांना गिअर ऑइलची डिपस्टिक नसते. सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला प्लग काढून पातळी बघावी लागते. जमत नसेल तर हात लावू नका.

३) स्कॅनर, पण पूर्ण. आमची फसगत इथेच झाली. पी ०७०० याचा अर्थ गिअरबॉक्स गेला असा नाही. 'गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, त्याला विचारा' एवढंच इंजिनचा कंप्युटर सांगत असतो. खरी तक्रार दुसऱ्या कप्प्यात असते. पी ०७१५ असेल तर गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या बाजूचा स्पीड सेन्सर. पी ०७२० असेल तर बाहेर निघणाऱ्या बाजूचा. पी ०७४० पासूनचे काही कोड लॉकअपचे असतात, त्यात पी ०७४२ म्हणजे लॉकअप अडकून बसलाय. तेव्हा मेकॅनिकला विचारा, "गिअरबॉक्सच्या कंप्युटरमधला कोड कोणता?"

४) न्यूट्रलची परीक्षा. सपाट, मोकळ्या मैदानात हळू वेगाला गिअर न्यूट्रलला घ्या आणि ब्रेकने थांबा. तरीही धप्प वाजलं, तर गिअर बदलण्याशी त्याचा संबंध नाही. मग प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, मागचे पाटे आणि त्यांचे बुश बघा. ही परीक्षा घाटात किंवा रहदारीत कधीही करायची नाही.

५) पेडलखालची थरथर. अगदी शेवटच्या काही किलोमीटर वेगाला पेडल थरथरून घरघर येत असेल, तर तो गिअरबॉक्स नसून चाकाजवळचा एबीएस सेन्सर असू शकतो. अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या मिठाने चाकाजवळ गंज चढून एबीएस उगाच चालू होतो, म्हणून २००५ साली तिथल्या एका मोठ्या कंपनीला सुमारे आठ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांचं मीठ रस्त्यावर होतं. आपलं तर गाडीतच असतं!

आमच्या गाडीत काय निघालं?

काकांच्या ओळखीच्या पोराने चांगला स्कॅनर आणला. गिअरबॉक्सच्या कंप्युटरमध्ये निघाला पी ०७२०. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटाकडे असतो, आमच्या गाडीत केबिन आणि मागच्या हौद्याच्या सांध्याखाली. काका खाली झोपले, बॅटरी मारली आणि हसायला लागले. कनेक्टरच्या पिना हिरव्यागार!

पाणी तिथे आलं कुठून? हौद्यात मासळीचं खारट पाणी आणि वितळलेला बर्फ साचतो. ब्रेक दाबला की ते सगळं पुढे धावतं आणि पुढच्या फटीतून नेमकं त्या कनेक्टरवर पडतं. म्हणून भरल्या गाडीत त्रास जास्त, वाळल्या क्रेटांवर कमी. मामांच्या वहीतलं एक वाक्य खरं ठरलं.

आणि हळू होतानाच हिसका का? चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारा सेन्सर जितका हळू फिरेल तितकी त्याची वीज कमी. ६० च्या वेगाला गंजलेल्या पिनेतूनही ती पोचते, २० च्या खाली पोचत नाही. मग गाडी चालू असून कंप्युटरला वाटतं ती थांबली आणि तो गिअर खाली आपटतो. बिचाऱ्याची चूक नाही, त्याला खबरच चुकीची मिळाली.

कनेक्टर बदलला, वायरचा कुजलेला तुकडा कापून नवा जोडला, पाणी न शिरणारं सील बसवलं. हिसका बंद. धप्प मात्र तसंच.

त्याचं मूळ प्रोपेलर शाफ्टमध्ये होतं. ब्रेक दाबला की मागचे पाटे वाकतात, ॲक्सल थोडा वळतो आणि शाफ्ट खोबणीत आत सरकतो. गाडी थांबली की सगळं जागेवर परत येतं. खोबणीत ग्रीस असेल तर कळतही नाही. आमच्याकडे ग्रीस खाऱ्या पाण्याने धुऊन गेलं होतं. खोबण अडकायची आणि मग एकदम सुटायची, तोच 'धप्प'. वर एक क्रॉसही ढिला होता. ग्रीस मारलं, क्रॉस बदलला, आवाज गेला.

दोन्ही कामांचा खर्च मिळून चार-पाच क्रेट बांगड्यांच्या किमतीएवढा. गिअरबॉक्सचा एक बोल्टही काढला नाही.

सगळंच बिघाड नसतं

घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर काही गाड्या आपण होऊन खालचा गिअर घेतात आणि इंजिनचा आवाज वाढतो. ती गाडी तुमचे ब्रेक वाचवत असते. बॅटरी बदलल्यावर काही गाड्या शिकलेलं विसरतात आणि थोडे दिवस गिअर जरा रांगडे पडतात. त्यासाठी घाबरून गॅरेज गाठू नका.

पण इंजिन थांबताना बंद पडत असेल तर घाटात जाऊच नका. इंजिन बंद म्हणजे स्टेअरिंग जड, आणि ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते. ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर चांगला गिअरबॉक्सही जळू शकतो. टोइंग करायचं तर पूर्ण गाडी ट्रेलरवर चढवा.

आता आपण काय करायचं?

आपण हौद्याच्या पुढच्या फटी बंद केल्या आणि पाण्याला मागच्या बाजूने रबरी नळी काढली. नळीखाली डबा बांधलाय, म्हणजे पाणी रस्त्यावर सांडून मागचा स्कूटरवाला घसरायला नको. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने खालून धुवायचं, पण प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारायचा नाही. महिन्यातून एकदा शाफ्टच्या प्रत्येक निपलला ग्रीस. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, त्यांनी बंदीच्या ६१ दिवसांत एवढं नक्की करून घ्या.

आणि एक गोष्ट राहिली. मामांचा कापलेला भत्ता आम्ही परत दिलाय. पण बोलणी जेटीवर सगळ्यांसमोर बसली होती, म्हणून माफीही इथे सगळ्यांसमोर. मामा, चूक आमची होती. रोज गाडी चालवणारा माणूस "काहीतरी वेगळं वाटतंय" म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी त्याला वही द्यायला हवी होती.

ती वही आता गाडीच्या डॅशबोर्डवरच असते. मामा म्हणतात, "पानं भरायची वेळ न येवो." आम्हीही तेच म्हणतो.