काही करत नाही हो तो!

गौरी-गणपतीचे दिवस. नेरूळच्या एखाद्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर बेल वाजते. साताऱ्याहून मंडळी दर्शनाला आलेली असतात, हातात दूर्वा आणि पेढ्यांचा पुडा. दार उघडतं आणि सगळ्यांच्या आधी घरातला लॅब्रॅडॉर पुढे होऊन थोरल्या काकांच्या लेंग्यात थेट नाक खुपसतो. काका मागे सरतात, आणि मागे जिना असतो. कुणी पट्टा ओढतं, कुणी ओरडतं. घरची बाई अवघडून म्हणते, “या ना काका, काही करत नाही हो तो!”

खरं तर तो बरंच काही करत असतो. पाहुणा कोण आहे, हे तो आपल्या परीने वाचत असतो. माणसाच्या नाकात वास टिपणारे ग्राहक सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. याशिवाय त्याच्या टाळूच्या वरच्या बाजूला वासाचं आणखी एक इंद्रिय असतं. डेन्मार्कचे शल्यविशारद लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते जेकबसनचं इंद्रिय म्हणून ओळखलं जातं. एका प्राण्याच्या शरीरातून दुसऱ्यापर्यंत पोचणारे रासायनिक निरोप टिपणं हे त्याचं काम.

माणसाचा घाम दोन प्रकारच्या ग्रंथींतून येतो. कपाळावर, पाठीवर येतो तो पाणीदार घाम. काखेतल्या आणि जांघेतल्या ग्रंथींचा स्राव मात्र दाट असतो. त्यात प्रथिनं आणि स्निग्ध द्रव्यं असतात आणि माणसामाणसाचा खास वास त्यातूनच तयार होतो. दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, कारण त्यांच्या ओळखीच्या ग्रंथी तिथे आहेत. माणसाच्या बाबतीत काख उंचावर राहते आणि जांघ नेमकी लॅब्रॅडॉरच्या नाकासमोर येते. दमट हवेत, गर्दीच्या लोकलने ठाण्याहून उभ्याने आलेल्या पाहुण्याचा वास तर त्याला दारातच गाठतो. यात चावटपणा शोधणं हा त्या जनावरावर अन्याय आहे.

उड्या मारण्याचं मूळही असंच जुनं आहे. शिकारीवरून परतलेल्या लांडग्याच्या तोंडाच्या कडा पिल्लं चाटतात, म्हणजे तो पोटातलं अन्न त्यांच्यासाठी बाहेर काढतो. कुत्र्यांत ही सवय स्वागताची रीत म्हणून उरली. आपलं तोंड पाच फूट उंचावर, तिथे पोचायचं तर उडीच मारावी लागते. भेटीला आलेल्या माणसासमोर पिल्लू कान पाडून, अंग चोरून थेंबभर शू करतं, तेव्हा ‘मी लहान आहे, मला मारू नकोस’ असं ते सांगत असतं. त्यावर रागावलं की ते आणखी शू करतं.

सगळ्यांत लाज आणतं ते पाहुण्याच्या पायाला चढणं. यावर घराघरांत एकच निदान ऐकू येतं, “त्याला जोडीदार हवाय.” पण हे मादीही करते आणि नसबंदी झालेले कुत्रेही करतात. पुष्कळदा कारण असतं ते अनावर झालेल्या उत्तेजनेचं. निको टिनबर्गेन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने स्टिकलबॅक नावाच्या बोटाएवढ्या माशात एक गंमत पाहिली होती. दोन नर आपापल्या हद्दीच्या सीमेवर समोरासमोर आले, हल्ला करावा की पळावं हे ठरेना, की ते डोकं खाली करून घरटं बांधताना उकरतात तशी वाळू उकरू लागत. आतली घालमेल भलत्याच कृतीतून बाहेर पडते. टिनबर्गेनना १९७३ मध्ये कॉनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. दारात चार अनोळखी माणसं, मोठमोठे आवाज, पेढ्यांचा वास, मालकाचं ओरडणं. कुत्र्याचीही तीच घालमेल होते.

“त्याला कळतं हो आपण काय केलंय ते, बघा कसा तोंड पाडून बसलाय,” हेही आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. अपराधी चेहरा गुन्ह्यावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून निघाला. काहीही न केलेले कुत्रे ओरडा खाल्ल्यावर जास्तच ‘अपराधी’ दिसले. पाहुणे गेल्यावर दिलेला मार म्हणूनच निरर्थक आहे. कुत्रा त्यातून शिकतो ते एवढंच, की पाहुणे आले की घरचे बिथरतात.

मला यात आपल्या घरांचा दोष कुत्र्याच्या स्वभावाहून मोठा वाटतो. गावाकडे अंगण होतं, ओटा होता. कुत्रं लांबूनच भुंकायचं, आतून “कोण आहे?” असा आवाज यायचा, पाहुणा थांबायचा, कुत्रं अर्धवर्तुळ घेऊन बाजूने जवळ यायचं. सभ्य कुत्री एकमेकांनाही अशीच वळसा घेऊन भेटतात. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजची वस्ती आखली, तेव्हा सात-सात घरं ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती ठेवली. तिथे अजूनही अशी भेट होऊ शकते. फ्लॅटमध्ये मात्र बेल वाजल्यापासून सोफ्यापर्यंत चार पावलं, आणि अरुंद दारात समोरासमोर गाठ.

तेव्हा हरवलेलं अंतर परत आणायचं. पाहुणे येण्याआधी कुत्र्याला चांगलं फिरवून आणा. दार उघडण्यापूर्वी पट्टा लावा. दारापासून दूर त्याची सतरंजी ठरवून द्या आणि एरवी, कुणी येणार नसताना, बेल वाजवून तिथे जाऊन बसण्याचा सराव करा. बसला की खाऊ. पाहुणे टेकले, आवाज निवले, की मग पाहुण्याची इच्छा असेल तरच सैल पट्ट्याने हात हुंगू द्या. उडी मारली की ढकलू नका, ओरडू नका. त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे लक्षच. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस उड्या वाढतात, तेव्हा घरातल्या एकानेही हार मानायची नाही. कधीतरी मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं. आजवर न चढणारा कुत्रा अचानक वारंवार चढू लागला किंवा सारखी लघवीची जागा चाटू लागला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, पशुवैद्याला दाखवा.

ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, ज्यांचं सोवळं आहे, त्यांचा नकार पूर्ण मानला पाहिजे. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरच्या उडीने वयस्कर माणूस सहज पडतो, हाड मोडतं. अशा वेळी कुत्रा आतल्या खोलीत, सोबत चघळायला काहीतरी. आणि कुत्रा असलेल्या घरी जाणाऱ्यांना एक विनंती: बेल वाजवण्याआधी सोसायटीच्या गेटवरूनच फोन करा. घरच्यांना तेवढी पाच मिनिटं पुरतात.