काशाची वाटी, सीरम आणि चेहऱ्याची सहनशक्ती

गेल्या काही वर्षांत आपल्या आरशासमोरच्या फळीवर दोन प्रकारच्या वस्तू येऊन बसल्या आहेत. एक म्हणजे चेहऱ्याच्या मसाजची साधनं: जेडचा किंवा गुलाबी क्वार्ट्झचा रोलर, ग्वाशाचा चपटा दगड, लाकडी मुठीची काशाची वाटी, काही घरांत बारीक सुयांचा डर्मारोलरसुद्धा. दुसऱ्या म्हणजे ड्रॉपरच्या बाटल्या: व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, रेटिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड. या सगळ्याबद्दल मैत्रिणी आणि भाच्या जे विचारतात, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. साधनांवर नको इतका विश्वास आहे आणि बाटल्यांच्या जोड्यांची नको तितकी भीती आहे. ज्या मिश्रणाला खरंच घाबरायला हवं, ते मात्र एका साध्या ट्यूबमधून घरात येतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

आधी आपल्या घरच्या वस्तूबद्दल. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीने चोळायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. डोळ्यांची आग होत असली, उन्हातून आल्यावर तळवे पेटले असले की वाटी निघायची. थोड्या वेळाने तळवा काळपट व्हायचा आणि ‘बघ, किती उष्णता बाहेर आली’ असं घरातलं मोठं माणूस म्हणायचं. आता तीच वाटी मूठ लावून चेहऱ्यासाठी विकली जाते आणि गालावर उमटणारा करडा-हिरवट थर ‘टॉक्सिन’ म्हणून दाखवला जातो.

तो थर शरीरातून आलेला नसतो. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, घामात क्षार असतात, तेला-तुपात मेदाम्लं असतात. वाटी चोळली की धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात, तांब्याची या सगळ्यांशी रासायनिक क्रिया होते आणि तो लेप तयार होतो. कुणाला तो लवकर दिसतो, कुणाला उशिरा, कारण प्रत्येकाचा घाम आणि त्वचेची आम्लता वेगळी असते. साबणाने धुतला की जातो. पाय हलके होतात, झोप शांत लागते, हे सुख खरंच आहे. चोळण्यामुळे मिळणाऱ्या त्या आरामासाठी उष्णता बाहेर पडल्याच्या गोष्टीची गरज नाही.

याच वाटीमुळे एक खरी न जमणारी जोडीही समजते. ताक किंवा चिंचेचं सार कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे आपल्या स्वयंपाकघराला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. बहुतेक सीरममध्ये असणारं व्हिटॅमिन सी म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड. तेही आंबट, आणि तांब्याच्या संपर्कात ते फार वेगाने ऑक्सिडाइझ होऊन निकामी होतं. म्हणून सीरम लावलेल्या चेहऱ्यावर काशाची वाटी फिरवू नये. सीरम सकाळी लावावं, वाटी हवीच असेल तर रात्री, स्वच्छ धुतलेल्या चेहऱ्यावर, नुसत्या तेलासोबत.

रोलर आणि ग्वाशाबद्दलचे दावे मोठे आहेत: जबड्याची रेषा कोरली जाते, गालाची चरबी वितळते, सुरकुत्या जातात. हाड दगडाने घडत नाही आणि चरबी वरून दाबल्याने वितळत नाही. मग सकाळी रोलर फिरवल्यावर चेहऱ्याची सूज उतरलेली दिसते ती का? रात्री आडवं झोपल्यामुळे चेहऱ्याच्या ऊतींमध्ये पाणी साचतं. हलक्या दाबाने ते लसिकावाहिन्यांकडे सरकतं आणि कानाजवळच्या, जबड्याखालच्या, मानेच्या गाठींकडे वाहून जातं. थंड दगडामुळे वरच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. परिणाम खरा, पण काही तासांचा. उठून वावरायला लागलं की सूज तशीही उतरते. जेडमधून त्वचेत काही झिरपत नाही, क्वार्ट्झमधूनही नाही. दगडाचं काम थंड आणि गुळगुळीत राहणं एवढंच, आणि फ्रिजमध्ये ठेवलेला स्टीलचा चमचा डोळ्यांखाली तेवढाच उपयोगी पडतो.

रक्तप्रवाह वाढतो, हे मात्र मोजलं गेलं आहे. २०१८ मध्ये जपानमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात एका गालावर ५ मिनिटं रोलर फिरवल्यावर त्या गालाचा रक्तप्रवाह वाढला आणि पुढची निदान १० मिनिटं वाढलेला राहिला. ग्वाशासाठी २००७ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो: ११ निरोगी माणसं, आणि घासलेल्या जागी सूक्ष्म रक्ताभिसरण पहिल्या काही मिनिटांत चौपट. पण तो ग्वाशा अंगावरचा होता, लाल-जांभळे ठिपके उठेपर्यंत घासण्याच्या मूळ चिनी पद्धतीचा. चेहऱ्यावर ठिपके उठले तर ती इजा समजावी. शिवाय वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे गाल थोडा वेळ तुकतुकीत दिसतो, म्हणून सुरकुत्या कमी होतात असं सिद्ध होत नाही.

‘रोलरने सीरम आत ढकललं जातं’ हा दुसरा लाडका समज. त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षा पातळ असतो, पण फार चिवट. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू तो सहसा आत घेत नाही, हा नियम बोस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडला. नायसिनामाइडचा रेणू १२२ डाल्टनचा, व्हिटॅमिन सी १७६, रेटिनॉल २८६. म्हणजे आकाराच्या दृष्टीने हे आत जाण्याजोगे आहेत. खरोखर किती जाईल हे सीरम कशात विरघळवलंय आणि त्याची आम्लता किती, यावर ठरतं. हायलुरॉनिक ॲसिडचा रेणू सहसा हजारो, कधी लाखो डाल्टनचा. तो वर बसून पाणी धरून ठेवतो, तेच त्याचं काम. दगड कितीही फिरवला तरी यातलं काही बदलत नाही; थोडं सीरम दगडाला मात्र लागतं.

सुयांचा रोलर वेगळा. तो वरच्या थराला खरोखरच भोकं पाडतो आणि धोका तिथेच आहे. निरोगी त्वचेवर ठेवण्यासाठी बनवलेलं सीरम थेट आतल्या जिवंत थरात पोहोचतं. २०१४ साली ‘जामा डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात तीन स्त्रियांची प्रकरणं आली होती: सुयांच्या उपचारानंतर चेहऱ्यावर गाठीगाठींची ॲलर्जिक प्रतिक्रिया उमटली, आणि त्यातल्या दोघींच्या बाबतीत संशय त्या वेळी लावलेल्या व्हिटॅमिन सी सीरमवर होता. प्रशिक्षित डॉक्टर निर्जंतुक सुया वापरतात आणि वर काय लावायचं हे ठरवून लावतात. ऑनलाइन मागवलेला, बाथरूमच्या ओलाव्यात पडलेला डर्मारोलर घरी वापरू नये. याबाबत माझं मत ठाम आहे.

आता जोड्या. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी बद्दल. हे एकत्र चालत नाहीत, ही समजूत जुन्या प्रयोगांतून आली. नायसिनामाइड आम्लात राहिलं तर त्याचं निकोटिनिक ॲसिड होऊ शकतं आणि त्याने चेहरा लाल होतो, एवढं खरं. पण त्यासाठी बरीच उष्णता आणि बराच वेळ लागतो. चेहऱ्यावर एकामागून एक लावलेल्या दोन थरांत तसं घडत नाही. आज कितीतरी सीरममध्ये दोन्ही एकत्र असतात. नायसिनामाइडबद्दल एक जास्तीची गोष्ट: त्याचे चांगले अभ्यास बहुतेक २ ते ५ टक्क्यांचे आहेत. १० टक्क्यांच्या बाटलीने दुप्पट उजळ होऊ, या आशेपोटी कितीतरी मुली लालसर, चुरचुरणारे गाल घेऊन बसतात, आणि त्याचं वाईट वाटतं.

काही जोड्या एकत्र लावल्या की जास्त काम करतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या चमूने २००१ मध्ये दाखवलं की एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरायला सीरमचा पीएच ३.५ च्या खाली हवा आणि २० टक्क्यांपुढे मात्रा वाढवून फायदा वाढत नाही. २००५ मध्ये त्यांनीच १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या मिश्रणात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं, तेव्हा उन्हापासून मिळणारं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं. त्यांचे हे प्रयोग डुकराच्या त्वचेवरचे होते, हे लक्षात ठेवायला हवं, पण दिशा स्पष्ट आहे.

इथेच लिंबाचंही सांगते. ‘घरचं व्हिटॅमिन सी’ म्हणून बेसनात लिंबू पिळून चेहऱ्याला लावलं जातं. लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी १०० ग्रॅमला ५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण ०.०५ टक्के. सायट्रिक ॲसिड मात्र ५-६ टक्के, आणि पीएच २ च्या जवळ. म्हणजे व्हिटॅमिनच्या नावाखाली चेहऱ्यावर तीव्र आम्ल लावलं जातं. लिंबाच्या सालीतले काही घटक उन्हात त्वचेवर भाजल्यासारखे डाग पाडतात, ते वेगळंच.

रेटिनॉल आणि ॲसिड एकत्र लावले तर रेटिनॉल निकामी होतं, असं सांगितलं जातं. प्रश्न तो नाही. दोन्ही त्वचेला ताण देतात, आणि एकाच रात्री दोन्ही लावले तर वरचा थर तो ताण पेलू शकत नाही. आलटून पालटून लावले तर बहुतेकांना चालतात. गरोदरपणात मात्र रेटिनॉलच्या गटातलं काहीच लावू नये. रासायनिक भांडण खरोखर होतं ते रेटिनॉलच्याच गटातल्या, जुन्या पद्धतीच्या ट्रेटिनॉइन जेलचं आणि मुरुमांवरच्या बेंझॉइल पेरॉक्साइडचं: उजेडात पेरॉक्साइड ट्रेटिनॉइनला नष्ट करतं. म्हणून डॉक्टर एक सकाळी आणि एक रात्री देत. त्यावरही मार्ग निघाला. त्याच गटातलं ॲडापलीन पेरॉक्साइडसोबत टिकतं, आणि २००८ पासून अमेरिकेत हे दोन्ही एकाच ट्यूबमध्ये मिळतात.

म्हणजे बाटल्या एकमेकींशी जमवून घेतात का, यापेक्षा आपली त्वचा किती सोसेल हा प्रश्न मोठा आहे. आणि त्या सोसण्यात साधनं भर घालतात, हे कुणी मोजत नाही. रेटिनॉल किंवा ॲसिड लावलेल्या रात्री ग्वाशा घासला तर आधीच नाजूक झालेला थर आणखी सोलवटतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत अशा प्रत्येक जळजळीमागे काळा डाग राहण्याची शक्यता जास्त असते. नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं अंग घासल्यामुळे खांद्यावर, पाठीवर, दंडावर पडलेले काळपट पट्टे आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ओळखीचे आहेत. ‘चुरचुरतंय म्हणजे काम करतंय’ हे वाक्य म्हणूनच मला धोकादायक वाटतं. रेटिनॉलने सुरुवातीचे काही आठवडे पापुद्रे निघू शकतात, ते चालतं. रोज होणारी आग मात्र थांबायची खूण आहे. मसाज करायचाच तर साध्या तेलावर, कातडी ओढली न जाता सरकेल इतक्या हलक्या हाताने करावा, नाकाकडून कानाकडे आणि मग मानेवरून खाली. पिकलेले मुरूम असतील तर अजिबात नको.

आणि आता ती ट्यूब. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन आणि विलिस यांनी वांगाच्या डागांसाठी तीन औषधांचं मिश्रण मांडलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ट्रेटिनॉइनची जळजळ स्टेरॉइड शमवतं, असा हिशोब. मिश्रण परिणामकारक होतं. २००२ मध्ये अमेरिकेत त्याच धर्तीच्या क्रीमला मान्यता मिळाली ती सौम्य स्टेरॉइडसह आणि ८ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी. आपल्याकडे त्याजागी मोमेटासोनसारखं जास्त तीव्र स्टेरॉइड घातलेल्या ट्यूब आल्या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय, शेजारणीच्या सांगण्यावरून, लग्नाआधी गोरं व्हायला म्हणून त्या महिनोन्‌महिने लावल्या गेल्या.

पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, डाग फिके होतात, म्हणून विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होते, गालावर रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते, मुरूम येतात, लव वाढते, गॅसजवळ उभं राहिलं तरी चेहरा पेटतो. क्रीम बंद केलं की सगळं उफाळतं, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. देशातल्या १२ केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. भारतीय डॉक्टरांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घेतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. दुकानाच्या काउंटरवर ती बंदी सगळीकडे पाळली जाते असं नाही.

म्हणून घरातल्या प्रत्येक ‘डागांच्या’ किंवा ‘गोरेपणाच्या’ ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती ट्यूब बरेच दिवस लावली जात असेल, तर एकदम बंद करू नका आणि त्यावर सीरम, ॲसिड, रोलर काहीही सुरू करू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मात्रा कशी उतरवायची ते तेच ठरवतील. जाताना ट्यूब खोक्यासकट सोबत न्या, आणि ती किती महिने लावली ते खरं सांगा.